सखुबाईंच्या चालीवर तिसरीचा वर्ग

गावदेवीच्या देवळात संध्याकाळची आरती झाली की पूर्वी माणसं खडीसाखरेचा दाणा तोंडात टाकून घरी जायची. यंदा जुलैपासून आरती संपली तरी टाळ खाली ठेवले जाईनात. सखुबाई घोटभर पाणी प्यायच्या, नीराबाई ढोलकीची दोरी ताणून घ्यायच्या, आणि तिसरीतली सगळी पोरं माना डोलवत सुरू व्हायची, "सात एके सात हो, सात दुणे चौदा!"

उरणच्या रस्त्याने जाणारे ट्रेलरवाले काच खाली करून हात जोडायचे. त्यांना वाटायचं, गावात कुणीतरी सप्ताह बसवला आहे.

तसं हे सगळं शाळेने सुरू केलेलं. आता प्रत्येक वर्गाचा माता-पालक गट असतो. आयांनी आठवड्यातून एकदा एकत्र जमायचं, बाईंनी सांगितलेले अभ्यासाचे खेळ समजून घ्यायचे आणि घरी पोरांकडून करून घ्यायचे. गटाची एक पुढारीण असते, तिला लीडर माता म्हणतात. कल्पना चांगलीच. पण या गावच्या आया सकाळी आठला कंटेनरच्या गोदामांत कामाला जातात त्या दिवेलागणीला परततात. म्हणून पहिल्या बैठकीला रुचिता मॅडमसमोर बसल्या होत्या सगळ्या आज्या. दोघी तर बसल्या बसल्या लसूण सोलत होत्या.

"लीडर माता कोण होणार?" मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी सखुबाईंकडे पाहिलं. गावात महिला भजनी मंडळाच्या म्होरक्या त्या, हळदीला पहिलं गाणं त्यांचं, देवीच्या पालखीपुढे घसा त्यांचा. जे काही चारचौघींत करायचं ते सखुबाईंनी करायचं, हे ठरलेलंच.

"अवो पन मी माता न्हाय, आजी हाय," सखुबाई म्हणाल्या.

"चालेल हो आजी. तुम्ही वाचता ना?"

"पोथी वाचतंय रोज."

"मग झालं तर!"

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचे यजमान मोरू ओटीवर पाय पसरून बसले होते. उमेदीतली सगळी वर्षं मोरूंनी मिठागरात फळ्या ओढल्या. आता तिथे कंटेनर रचून ठेवतात, आणि मोरू ओटीवरून ते मोजत बसतात. "लीडर!" ते म्हणाले. "घरात काय कमी लीडरी करतेस, म्हून शालेत पन?"

सखुबाई पदर खोचून चुलीकडे वळल्या. त्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं.

झालं होतं असं, की सुनेने, प्राचीने, द्रोणागिरीच्या बाजूला भाड्याने फ्लॅट बघून ठेवला होता. तिथून इंग्रजी शाळा पायी जाण्यासारखी. सखुबाईंचा मुलगा प्रज्योत ट्रेलरवर असतो, महिन्यातले निम्मे दिवस गुजरातच्या रस्त्यावर. त्याने हात वर केले होते, "तुम्ही दोघी ठरवा." प्राची काही भांडकुदळ नाही. गोदामाच्या गेटवर नोंदीचं काम करते, चार माणसांत वावरते, इंग्रजी येत नसल्यामुळे कुठे कुठे अडतं ते तिला रोज दिसतं. तिने सरळ सांगितलं होतं, "आई, दिवाळीआधी सहामाहीचं मूल्यमापन आहे. प्राप्तीला सगळ्या विषयांत नीट आलं, तर राहील इथल्याच शाळेत. नाही आलं, तर दिवाळीनंतर तिकडे प्रवेश सुरू होतात. मग आम्ही जातो तिकडे."

म्हणजे नातीच्या तिसरीच्या पहिल्या सत्रावर सगळं येऊन ठेपलं. प्राप्ती आजीच्या कुशीत झोपायची. ती गेली की घरात राहणार कोण, तर मोरू आणि त्यांचे कंटेनर.

सखुबाईंनी देवीला ओटी बोलली आणि तिसरीची पुस्तकं मांडीवर घेतली. गणितात पाढे, बेरजा, वजाबाक्या. परिसर अभ्यासात दिशा, पाणी, सजीव-निर्जीव आणि आपला जिल्हा. मराठीत विरुद्धार्थी शब्द. इंग्रजीत वार आणि महिने. खेळ आणि चित्रकला वेगळीच. एवढं सगळं त्या आठ वर्षांच्या जिवाने चार महिन्यांत डोक्यात कोंबायचं! सखुबाईंना कीवच आली. मग त्यांनी विचार केला, आपल्याला एवढी भजनं, एवढ्या आरत्या, एवढी हळदीची गाणी पाठ आहेत; ती कुणी छडी घेऊन शिकवली होती का? चालीवर बसली म्हणून राहिली.

म्हणून त्यांनी तिसरीचा सगळा अभ्यासक्रम चालीवर बसवला.

पाढ्यांना ठेका द्रुत. विरुद्धार्थी शब्दांना सवाल-जबाब: मुलींनी "उंच" म्हणायचं, मुलग्यांनी "ठेंगणा" म्हणून ओरडायचं. सजीव-निर्जीवची गौळण झाली. त्यात गाय सजीव, वासरू सजीव आणि मडकं निर्जीव, आणि मडक्याच्या ओळीला पोरं मडकं फुटल्यासारखा आवाज काढायची. जिल्ह्याच्या तालुक्यांचा संथ गजर. आणि इंग्रजी महिन्यांना लग्नातली चाल लागली, प्रत्येक महिन्यापुढे "गो बाय": "जॅन्युअरी गो बाय, फेब्रुअरी गो बाय!"

पोरं खूश. जी पोरं शाळेत तोंड उघडत नव्हती ती घसा ताणून गाऊ लागली. प्राप्ती तर टाळ घेऊन पुढे बसायची. रात्री जेवताना पाढे, आंघोळीला तालुके. घरभर तेच. मोरू म्हशीला वैरण घालताना "ऑगस्ट गो बाय" म्हणत असल्याचं नीराबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

आणि एका संध्याकाळी प्राची कामावरून आली ती पर्स आपटून खाली बसली.

"आई, तुमच्यामुळे आज माझं हसं झालं!"

"का गो? काय केलं मी?"

"गेटवर गाडी आली. मी कंटेनरचा नंबर मोठ्याने वाचते, आतला पोरगा कॉम्प्युटरवर घेतो. आज नंबर वाचायला लागले आणि..." प्राचीने डोळे मिटले. "चालीवर वाचला. सातच्या पाढ्याच्या चालीवर. पूर्ण. मागचा ड्रायव्हर टाळ्या वाजवत म्हणतो, 'मॅडमजी, आरती शुरू है क्या?'"

मोरूंनी विचारलं, "नंबर बरोबर वाचलास ना पन?"

"बरोबर वाचला."

"मग!" सखुबाई म्हणाल्या, आणि त्यांना वाटलं, आता देवी आपल्या बाजूने आहे.

देवी बाजूने असेलही. पण गणपतीच्या सुट्टीआधी घटक चाचणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी रुचिता मॅडम पेपरांचा गठ्ठा घेऊन थेट ओटीवर आल्या. मॅडम मूळच्या तळा गावच्या. वयाने लहान, स्वभावाने गोड. त्या चिडल्या की आणखी हळू बोलायच्या. आज अगदीच हळू बोलत होत्या.

"आजी, मुलांना सगळं येतं."

"देवीची कृपा!"

"पण सुरुवातीपासून येतं." त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. "मी वर्गात विचारलं, सात सक किती? एकानेही उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी सात एकेपासून सुरू केलं. सक आलं तरी थांबेनात, पार दाहीपर्यंत गेले आणि शेवटी 'बोला गावदेवी माते की जय' म्हणाले. तेव्हा कुठे थांबले."

सखुबाईंनी तांब्या पुन्हा मॅडमपुढे सरकवला.

"लेखी पेपरात तर गाता येत नाही. अर्धा वर्ग पेन्सिल खाली ठेवून बाकावर ठेका धरून बसला होता. दोघांनी एकाच वेळी वेगवेगळे पाढे धरले, तर तिसऱ्याचा भलताच झाला. आणि हे इंग्रजी बघा." मॅडमनी एक पेपर पुढे केला. "महिन्यांची नावं लिहा. बारा महिने बरोबर. आणि प्रत्येक महिन्यापुढे 'गो बाय'. इंग्रजी अक्षरांत. सांगा, मी याला गुण देऊ की कापू?"

ओटीच्या कोपऱ्यातून मोरूंना हसू फुटलं. ते खोकल्यात दडपून त्यांनी तोंड फिरवलं.

"आणि आजी, एक विचारू?" मॅडमचा आवाज आता जवळपास ऐकूच येईना. "तालुक्यांमध्ये माझा तळा कुठे गेला? सगळ्या वर्गाने तळा सोडून बाकीचे लिहिलेत."

आता मात्र सखुबाईंचा चेहरा पडला. "तला बसतच नव्हता वो मॅडम. मानगाव, म्हसला, शिरीवर्दन, असं नीट चाललं होतं. मध्ये तला घातला की ठेका सांडायचा. मला वाटलं, म्हसला हाय ना, एक असला तरी चालंल."

"आजी, तालुका आहे तो! माझे आईवडील राहतात तिथे!"

"राहू दे की वो, मी काय त्यांना हाकललं न्हाय."

मॅडम हसल्या, म्हणून बरं झालं. पण जाताना त्यांनी जे सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. सहामाहीला केंद्रप्रमुख स्वतः येणार होते, तोंडी प्रश्न तेच विचारणार. "प्राप्तीला सगळ्यांत जास्त पाठ आहे," त्या म्हणाल्या, "आणि सगळ्यांत जास्त तीच अडकते. तिला मधूनच काही विचारलं की ती पांढरी पडते."

रात्री प्राप्तीला जवळ घेऊन सखुबाईंनी हळूच विचारलं, "बाय, सात चोक?"

प्राप्तीने तोंड उघडलं, मिटलं. "आजी, पहिल्यापासून म्हणू?"

"न्हाय. नुसतं चोक."

"नुसतं कसं म्हणायचं?"

पोरगी खरंच विचारत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावल्यावर सखुबाईंनी स्वतःलाच करून पाहिलं. रोज म्हणतात ती आरती मधल्याच एका कडव्यापासून म्हणायची, एवढंच. लहानपणापासूनची आरती. शब्द ओठांवर येईना. पहिल्या ओळीपासून धरली तर घळाघळा आली. पुन्हा मधून धरायला गेल्या, पुन्हा भिंत. देवी समोरून बघत होती. सखुबाईंनी समई सरळ केली आणि तिला म्हणाल्या, "माये, मीच अशी शिकले, मग पोरांना काय बोल लावू?"

स्वयंपाकघरातून मोरूंनी हाक मारली, "चहा पहिल्या कडव्यापासून करनार की मधनंच?"

त्या दिवसापासून देवळातल्या अभ्यासाची रीत बदलली. नीराबाईंना हुकूम झाला, ढोलकी कुठेही तोडायची. पाढा रंगात आला की थाप बंद, सगळी गप्प, आणि सखुबाई एका पोराकडे बोट करून विचारणार, "आता काय आलं?" पहिल्या दिवशी गोंधळ. ढोलकी थांबली तरी पोरं थांबेनात, घाटात ब्रेक न लागलेल्या ट्रेलरसारखी खाली खाली जात राहिली. नीराबाईंचीच पंचाईत, त्यांचा हात मध्ये थांबायला तयार नाही. "सखे, मला थांबल्यावर कसंतरीच व्हतं गो, शिंक अडकल्यावानी!"

पण हळूहळू जमू लागलं. "तळा, तळा" असा दोनदा घालून गजराचा ठेका सांधला. "गो बाय" काढून टाकलं; लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखं ते चार दिवस पुन्हा पुन्हा आलं, मग गेलं. एकेक पोर थाप तुटली की उत्तर देऊ लागलं. फक्त प्राप्तीला जमेना. थाप तुटली की तिचे डोळे आजीच्या हाताकडे. आजीचं बोट जरा हललं की तिला सूर सापडायचा आणि उत्तर यायचं. आजीने हात पदरात घेतला की पोरगी गप्प.

"माझ्याच हाताला बांधली गेली ती," सखुबाई नीराबाईंना म्हणाल्या. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

सहामाहीच्या दिवशी प्राचीने अर्धी रजा टाकली. तोंडी परीक्षा तिला स्वतः ऐकायची होती. आयाबायांना वर्गात बसता येत नव्हतं, पण व्हरांड्यात शाळेच्या खिचडीचे तांदूळ निवडायला कुणी बसलं तर हरकत नव्हती. सखुबाईंनी सकाळीच परात मागून घेतली आणि खिडकीखालची जागा धरली. शेजारी प्राची.

केंद्रप्रमुख उंच, जाड काचांचा चष्मा, हातात बॉलपेन. त्यांनी एकेकाला विचारलं. पोरं माना डोलवत, ओठ मिटून, मनातल्या मनात गाऊन उत्तरं देत होती. साहेबांनी मॅडमना विचारलं, "यांना काही त्रास आहे का? सगळे हलतायत."

"नाही सर. विचार करतायत."

"असा विचार मी पहिल्यांदाच बघतोय."

मग प्राप्तीचं नाव आलं.

"सात सक?"

प्राप्ती उभी राहिली. ओठ मिटलेले. खिडकीकडे तिची पाठ होती. वर्गात एकदम शांत झालं. सखुबाईंनी परातीत हात घातला होता, आणि त्यांना कळायच्या आत त्यांचं बोट परातीच्या कडेवर उचललं गेलं. एकच थाप. नुसती एक. पोरीला एवढी पुरली असती.

प्राचीने झटकन तो हात धरला आणि तांदळात दाबून टाकला.

"आई, नाही," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"अगो, रडंल ती."

"रडू दे. हात हलवायचा नाही."

दोघी तशाच बसल्या, तांदळात मनगटापर्यंत हात, सासू-सुनेचे. आतून काही आवाज येईना. सखुबाईंनी देवीचं नाव घ्यायचा प्रयत्न केला तर तेही चालीवरच येऊ लागलं, म्हणून तेही सोडलं. बाहेर एक कोंबडी परातीपर्यंत येऊन बघून गेली.

"बेचाळीस," प्राप्ती म्हणाली.

तांदळातल्या हातावरची प्राचीची पकड आणखीच घट्ट झाली.

"छान. बाईंचा तालुका कुठला, माहीत आहे?"

"तळा."

"तो कुठे आहे?"

प्राप्ती भिंतीवरच्या नकाशापाशी गेली. गजर म्हटला नाही की मान हलवली नाही. बोट ठेवून म्हणाली, "हा तळा. इकडे रोहा, इकडे माणगाव, इकडे म्हसळा." रुचिता मॅडमनी टेबलाच्या कडेला टेकून रुमाल काढला. गावची आठवण आली की घाम फुटला होता, कोण जाणे.

इथेच थांबलं असतं तर सखुबाई देवळापर्यंत नाचत गेल्या असत्या. पण साहेब रंगात आले होते. त्यांनी इंग्रजीतून विचारलं, मे महिन्यानंतर कुठला महिना येतो? प्राप्तीने क्षणभर छताकडे पाहिलं आणि खणखणीत सांगितलं, "जून गो बाय!"

वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी दबक्या आवाजात "जुलै गो बाय" म्हणालंच, आणि मग काही इलाज उरला नाही. डिसेंबरपर्यंत सगळा वर्ग गात गेला, आणि शेवटी देवीचा जयजयकार. सवयीने रुचिता मॅडमचाही हात वर गेला होता.

केंद्रप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम," ते म्हणाले, "इंग्रजीकडे जरा लक्ष द्यावं लागेल."

निकाल लागला. गणितात आणि परिसर अभ्यासात 'अ' श्रेणी, मराठीत जवळपास तशीच. इंग्रजीत 'ब', तीही खालची. प्राचीने प्रगतिपुस्तक ओटीवर ठेवलं. सगळ्या विषयांत नीट आलं तर राहील, असं तिने म्हटलं होतं, आणि सखुबाईंना ते शब्द चांगले आठवत होते.

"ने तिला," त्याच म्हणाल्या. रडायचं नाही असं ठरवूनच त्या बोलत होत्या. "माझीच खोड. इंग्रजी मीच नासवलं. पोरीचं नुकसान नको."

प्राचीने प्रगतिपुस्तक उचलून मिटलं. मग म्हणाली, "तुमचा हात मी धरला होता ना, तेव्हा मला वाटलं, आता ही खाली बसणार. आणि तिने सांगितलं. कुणाकडे न बघता." तिने पदर सारखा केला. "तिकडे नेलं तर संध्याकाळी तिच्याजवळ कोण असेल? मी दिवे लागल्यावर येणार, हे गाडीवर. शिकवणी लावायची, आणि ती शिकवणीवाली काय तिच्याबरोबर तांदळात हात घालून बसणार आहे?"

"म्हंजे?"

"म्हणजे राहू दे इथेच. चौथीपर्यंत तरी. फ्लॅटवाल्याला नाही सांगते. पण इंग्रजी मी घेणार. रविवारी आणि रोज जेवणानंतर. मलाही थोडं येतं, दोघी मिळून शिकू. आणि आई, तेव्हा तुम्ही जवळ बसायचं नाही."

"न्हाय बसत."

"ढोलकी नाही, टाळ नाही."

"न्हाय."

"गुणगुणायचं पण नाही."

इथे मात्र सखुबाईंनी जरा वेळ घेतला. "मनात?" त्यांनी विचारलं.

"मनात काय करता ते मी कशी बघणार? पण ओठ हलले की विहिरीपाशी जाऊन बसायचं."

"चालंल," सखुबाई म्हणाल्या, आणि उठून देवाजवळ गेल्या. ओटीचं साहित्य काढता काढता त्यांना भडभडून आलं ते तेव्हा.

दिवाळी झाली. दुसऱ्या सत्राची पुस्तकं आली. पहिल्याच संध्याकाळी सखुबाईंनी गणिताचं पान उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. अपूर्णांक. अर्धा, पाव, पाऊण. वरती एक आकडा, खाली एक, मध्ये रेघ. त्यांनी दोन-तीन चाली लावून पाहिल्या. पाव म्हटलं की ठेका पडायच्या आत ओळच संपायची. नीराबाईंनी ढोलकी बाजूला ठेवली. "ह्याला न्हाय लागत गो चाल."

सखुबाईंनी थोडा विचार केला, उठल्या आणि घरून दुपारच्या तांदळाच्या भाकऱ्या टोपलीसकट उचलून आणल्या. पोरांसमोर एक भाकरी धरून मधोमध तोडली. "ही अर्धी. दिसली? आता हिची पुन्हा अर्धी. ही पाव." पोरांचे हात लगेच पुढे आले.

थोड्या वेळाने मोरू घरून हाका मारत देवळाच्या पायरीपर्यंत आले. "अगो, टोपलीतल्या भाकऱ्या कुठं गेल्या? मी जेवायचा हाय!"

प्राप्ती धावत गेली आणि आज्याच्या हातावर एक तुकडा ठेवला. "आजा, हा घे. किती आहे सांग."

मोरूंनी तुकडा दिव्याकडे धरून पाहिला. "पोटाला पुरत न्हाय, एवढा हाय."

"चूक," प्राप्ती म्हणाली. "पाव आहे."